एका बोटाचा ब्रेक

"अरे, पुढचं चाक काढलंय, ब्रेक दाबू नकोस!" वाटेतल्या हॉटेलाबाहेर मिसळ खाता खाता मृदुला दुसऱ्यांदा ओरडली.

पण श्रीरंग गाडीच्या उघड्या दारात चढून उभा होता आणि खाली त्याला नवे प्रेक्षक मिळाले होते. डिकीमागचा रॅक घेतला असता तर चाकं काढावी लागली नसती. पण टपावरच्या दोन सायकली कशा लांबून दिसतात! बायकोच्या सायकलला त्यानं शर्यतीसाठी हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेतले होते. ते आजवर बायको सोडून सगळ्यांनी दाबून पाहिले होते.

"एक बोट पुरतं, काका. लोणी आहे लोणी!"

काकांनी दारात चढून ब्रेक दाबला. मग काकूंनीही.

शर्यतीच्या मैदानावर चाक काही केल्या बसेना. ब्रेकचे पॅड दातखीळ बसल्यासारखे एकमेकांना चिकटले होते, मध्ये चाकाची डिस्क शिरायला जागाच नव्हती. श्रीरंगनं आधी चाकाला शिव्या घातल्या, मग कंपनीला. इतक्यात माईकवरून नावं पुकारायला सुरुवात झाली. वर्षभर रोज पहाटे टेकडी चढून मृदुलानं पाय कमावले होते.

तिनं टपावरची दुसरी सायकल खाली ओढली.

"अगं, ती माझी आहे! मी काय धावत जाऊ? आणि तिला जुने वायरचे ब्रेक आहेत!"

"म्हणून तर तिचं चाक बसेल," मृदुला म्हणाली. "पाना दे. सीट खाली करायचीय."