डोंबिवलीची जास्वंद

झाडांचा रस शोषणारा परदेशी पिठ्या ढेकूण येऊरच्या जंगलात शिरतोय का, हा अक्षदाच्या एमएस्सीचा विषय. गेल्या वर्षी एकही किडा दिसला नव्हता. यंदा साग वाळायला लागले. वाळक्या झाडांचा माग काढत ती आज सरांना घेऊन पाड्यावरच्या लखमीमावशीच्या अंगणात पोचली. कुंपणापाशी जास्वंद फुललेली, पानांखाली कापसासारखा पांढरा थर. “इथूनच पसरला हा,” सर वाकून म्हणाले. “मावशी, हे झाड कुठून आणलंत?” मावशी हसली. “हिनंच दिलं की, गेल्या साली पहिल्यांदा आली तेव्हा. आईनं सांगितलेलं म्हणे, रिकाम्या हातानं जाऊ नको. डोंबिवलीच्या गॅलरीतलं हाय.” अक्षदाला मान वर करता येईना. सरांनी भिंग खिशात घातलं. मावशीनं कोयत्यानं एक फुललेली फांदी तोडून त्यांच्यापुढे धरली. “तुमीपण लावा घरी. पाड्यावर सगळ्यांना दिलीय मी, आमच्या ह्या पोरीची आठवण म्हणून.”