जुन्या भावाची काडतुसं

“भाव वाढला का रे?” भय्यासाहेबांनी नेमबाजी क्लबच्या खिडकीत वाकून विचारलं.

“तुमच्यासाठी जुनाच, सर.” योगेंद्रनं पॉइंट टू-टूच्या काडतुसांचं खोकं पुढे सरकवलं.

भय्यासाहेब बायकोकडे वळले. चेहरा असा, की जणू पदक मिळालं. “पाहिलं, विनता? अख्ख्या जबलपुरात या भावात कोण देऊन राहिलं? जुन्या माणसाची कदर आहे इथे.”

“आहे ना जी,” विनताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात अपूर्वा सायकलवरून आली. गोहलपुरात तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं छोटंसं दुकान. ती क्लबच्या पिस्तुलावर भोपाळच्या निवड चाचणीची तयारी करत होती, काडतुसं मिळतील तशी. विनताबाईंनी डबा उघडून लाडू पुढे केला. पोरीनं डावा हात केला.

“उजवा, बेटा, उजवा!”

“सॉरी आजी, आदत है.” तिनं हसून हात बदलला, भय्यासाहेबांची बॅग उचलली आणि दोघं आत गेली.

विनताबाई कडुनिंबाखालच्या बाकावर टेकल्या. आवाज सोसत नाही म्हणून त्या आत कधी जात नसत. पहिला बार झाला.

“ठो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

ही खोड फार जुनी. लग्न होऊन त्या भय्यासाहेबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा काडतुसं सामन्यापुरती मिळत. सरावाला विकत घ्यायची म्हणजे पगाराला हात लावायचा. मग भय्यासाहेबांनी बायकोची टिकली भिंतीला चिकटवली. रोज संध्याकाळी हातात गार इस्त्री धरून ते त्या टिकलीवर नेम लावत. बोट हललं, की पोळ्या लाटता लाटता विनताबाईंनी “ठो!” म्हणायचं. एखादा ठो राहिला तर स्वारी रुसायची. “हे काडतूस फुसकं निघालं,” म्हणायची. एवढा स्वस्त सराव करून राज्याच्या संघात गेलेला माणूस दुसरा नसेल. टिकल्यांची मात्र पाकिटंच्या पाकिटं संपली. काय सुखाचे दिवस होते ते! विनताबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले.

गेल्या वर्षी भय्यासाहेबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. शर्टाची बटणं विनताबाई लावू लागल्या. बोलणं आटलं. दिवसदिवस खुर्ची आणि समोरची भिंत. तेव्हा विनताबाईंनीच योगेंद्रला गळ घातली. यांना दर रविवारी बोलाव, जुन्या भावानं काडतुसं दे, वरचा फरक मी गुपचूप देत जाईन. आणि माणूस बदलला. शनिवारीच रविवारचे बूट पुसून ठेवू लागला.

योगेंद्र बाहेर आला. पिस्तूल धरायला त्याला भय्यासाहेबांनीच शिकवलं होतं. विनताबाईंनी दिलेलं पैशांचं पाकीट घेताना तो अवघडला.

“काकू, माल आणखी महाग झाला. शिकवण्या करून किती ओढाल? मला तुम्हाला एक सांगायचं होतं...”

“काही सांगू नको. आणि त्यांनाही काही सांगायचं नाही. काहून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवतो?”

योगेंद्रनं पाकीट खिशात टाकलं. आतले बार थांबले आणि थोड्या वेळानं भय्यासाहेब आले. मागे अपूर्वा बॅग घेऊन. त्यांनी टार्गेटचा कागद बायकोपुढे धरला. कागद थरथरत होता.

“हे पाहा. हात गेला नाही अजून आपला!”

विनताबाईंनी तो उजेडात धरला. तरुणपणी भय्यासाहेबांची चुकलेली भोकं डावीकडे खाली पडत; उजव्या हाताचा झटका तिकडेच जातो, असं तेच सांगत. या कागदावर बहुतेक भोकं काळ्या वर्तुळात होती. चुकलेली दोनतीन उजवीकडे खाली.

“नेम सुधारला जी तुमचा,” असं म्हणून त्यांनी कागदाची जपून घडी केली.

भय्यासाहेब खुशीत ऑटो पाहायला फाटकाकडे गेले. अपूर्वाही सायकल काढून निघाली.

“योगेंद्र, पुढच्या रविवारपासून यांना दोन खोकी दे.”

“दोन? काकू, एकच जड जाऊन राहिलं तुम्हाला!”

“जाऊ दे. अधारतालकडची आणखी एक शिकवणी धरते मी.” विनताबाईंनी लाडवांचा रिकामा डबा पिशवीत टाकला. “यांनी तर वर्षभरात एक गोळी झाडलेली नाही; पण एका खोक्यात त्या डावखुऱ्या पोरीचं भोपाळचं कसं व्हायचं?”