दारिंकाच्या मापाचं

दारिंकाचा सगळा संसार सोचा नदीच्या काठावर झाला, पण घोट्याच्या वर पाण्यात ती कधी उतरली नाही. नवरा बोयान कयाक घेऊन निघाला, की ती नदीकडची खिडकी लावून घ्यायची. आज मात्र तोच तिला लाइफ जॅकेट घ्यायला दुकानात घेऊन आला होता.

पहिलं जॅकेट तिने घातल्यावर बोयानने ते खांद्यांपाशी धरून वर ओढलं. ते थेट तिच्या हनुवटीला टेकलं.

"हे सैल आहे. जॅकेट तरंगेल आणि तू बुडशील."

"तेवढीच तुझी सुटका," दारिंका म्हणाली.

दुसऱ्यात तिचे हात फिरेनात. तिसरं अंगासरसं बसलं. बोयानने एकेक पट्टा आवळून पाहिला, आणि तेवढ्यानेही धाप लागून तो स्टुलावर टेकला.

"या वयात काकूंना नदीवर नेताय होय, काका?" दुकानातली नेझा हसत म्हणाली. वल्हं मारायला ती त्याच्याकडेच शिकली होती. "मग तुम्हालाही एक नवीन काढते."

"मला नको. काकूबरोबर तू जायचंस. पुलाखाली, पाणी संथ होतं तिथवर."

नेझाला काही कळेना. तिने दारिंकाकडे पाहिलं.

"उन्हाळा सरेपर्यंतच आहे तो, असं डॉक्टर म्हणाले," दारिंका म्हणाली. "राख नदीतच सोडायची म्हणतो. आणि ती माझ्याच हातून."