ग्रहणातला नळ

ग्रहण लागल्यापासून वत्सलाबाईंनी घरात कुणाला पाण्याला हात लावू दिला नव्हता. सूर्य झाकत गेला तशी गावाची सौरवीज आटली आणि पंखा थांबला. आतल्या खोलीत त्यांच्या यजमानांचं, अण्णांचं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडून टीं टीं करू लागलं.

"आई, नळ सोडते!" सून केतकी म्हणाली. "वीज कमी पडली की वीजकेंद्र आधी रिकाम्या घरांची तोडतं. नळ चालत नाही ते घर त्याच्या लेखी रिकामं."

"ग्रहण सुटेपर्यंत नाही. केंद्रात फोन लाव."

"तिथं माणूस आहे कुठं? सगळं यंत्रच ठरवतं!"

अण्णांना धाप लागली. वत्सलाबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो वाहू लागलं. थोड्या वेळाने पंखा फिरला, मशीन सुरू झालं.

तरीही टीं टीं थांबलं नव्हतं. ते समोरच्या घरातून येत होतं.

वत्सलाबाई ओल्या हातांनीच धावल्या. ग्रहणात पाण्याला शिवू नका, असं सकाळी गल्लीत दारोदार बजावून आल्या होत्या त्याच.

"नळ सोड गं, कुसुम!" त्या दार बडवत ओरडल्या. "मी सांगते, सोड!"