पोळ्याचा घास

अमेरिकेत लढाई जुंपली अन् वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आणखी चढेल म्हणून नत्थुजी पाटलानं कोठारात कापूस कोंबला आणि ज्वारीची पोती अंगणात काढली. श्रावणझडीनं दाण्यांना बोटबोट मोड फुटले. तीच ज्वारी त्यानं शेत निंदणाऱ्या मैनाबाईच्या पदरात मजुरी म्हणून ओतली, वर दोन ओंजळी जास्तच.

"देवमाणूस हाय," म्हणत मैनाबाईनं पोळ्याच्या सकाळी त्या ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या. लेकरं पोटभर जेवली. मूठभर तिनं पाटलाच्या बैलासाठी राखल्या.

संध्याकाळी सजलेल्या बैलानं तिच्या ओंजळीकडे तोंड नेलं, तसा पाटलानं तिच्या हातावर फटका मारून घास खाली पाडला.

"मोडाची जवारी बैलाले? जहर चारून माया बैल मारतं काय!"