आउटबॉक्स

आउटबॉक्स रिकामा होता.

तक्रारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. आउटबॉक्स तरीही रिकामाच. काल संध्याकाळी लेकीला लिहिलेली मेल तिथे असायला हवी होती. ती पुसून टाकायलाच ते चहा अर्धा सोडून बसले होते.

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात त्यांची सारी नोकरी गेली. लोक शिव्या घालत, हे उत्तरं देत. टोपणनाव तिथलंच. रागाचं उत्तर लिहायचं, पण रात्रभर तसंच ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. घरच्या कॉम्प्युटरवरही तेच. मेलचा जुना प्रोग्रॅम त्यांनी असा लावून घेतला होता की ‘पाठवा’ दाबलं तरी मेल आउटबॉक्समध्ये पडून राहायची. दुसरं बटण दाबेपर्यंत हलायची नाही. संध्याकाळी मनातलं ओकायचं, सकाळी ते पुसून दोन गोड ओळी लिहायच्या. लेकीला आजवर गोड ओळीच पोचल्या होत्या.

या सोयीपायी त्यांनी अपडेटला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. पडद्यावर चौकट उगवली की ‘नंतर आठवण करा’. पण गेल्या आठवड्यात हॉस्पिटलची वेबसाइटच उघडेना. तुमचा ब्राउझर जुना आहे म्हणे. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. शेवटी भाचा आला, ब्राउझर नवा करून दिला आणि कुणी न सांगता मेलचा प्रोग्रॅमही. “मामा, आता सगळं आपोआप,” असं वर ऐकवून गेला.

आपोआप म्हणजे काय, ते आत्ता कळलं. मेल ‘पाठवलेल्या’मध्ये जाऊन बसली होती.

त्यांनी भाच्याला फोन लावला. “गेलेली परत कशी आणायची रे?”

“नाही येत, मामा. लगेच दुसरी पाठवा. दुसरी वर दिसेल, ताई तीच आधी उघडेल.”

लेक पहाटेपासून लॅबमध्ये होती. मोबाइल कपाटात, ड्यूटी संपेपर्यंत. मेल ती मधल्या सुट्टीत तिथल्याच कॉम्प्युटरवर बघायची. लॅबचा नंबर या घरात कुणाकडे नव्हता. म्हणजे मधल्या सुट्टीच्या आत दुसरी मेल पोचायला हवी होती.

त्यांनी भराभर माफीच्या चार ओळी लिहिल्या आणि ‘पाठवा’ दाबलं. प्रोग्रॅमने पासवर्ड मागितला. त्यांनी घातला. चुकीचा. पुन्हा घातला. चुकीचा. पासवर्ड ब्राउझरमधून बदला, अशी सूचना आली. त्यांनी ब्राउझर उघडला, तर अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका.

“अरे, आठवड्यापूर्वीच तर तुला नवा केला!” ते पडद्यावर खेकसले. निळी पट्टी थोडी सरकली आणि थांबली.

आवाज ऐकून बायको काठी टेकत आली. “सकाळी सकाळी कुणाशी भांडताय?”

त्यांनी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती पलंगाच्या कडेवर टेकली. “लिहिलंत तरी काय? वाचा.”

 साहेबांनी वाचलं. “दर वेळी येते म्हणतेस आणि ऐन वेळी काम काढतेस. आईच्या ऑपरेशनलाही तुला वेळ नाही. ती शेजाऱ्यांना तू येणार म्हणून सांगत सुटली होती. आता तिला तोंड दाखवायला जागा नाही. यापुढे येते म्हणूच नकोस. आम्हाला मुलगी नाही असं समजून आम्ही राहू.”

 बायको म्हणाली, “उद्या मला टेबलावर घेणार, आणि आज तुम्ही पोरगी तोडून बसलात.”

 आयुष्यभर साहेबांनी परक्यांचा राग पोटात घातला होता, आणि स्वतःचा नेमका पोटच्या पोरीच्या दारात जाऊन पडला होता. निळी पट्टी पुन्हा हलली. ब्राउझर उघडला. ते पासवर्ड बदलायला वाकले, एवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

“बाबा, मी. लॅबमधून बोलतेय. मेल वाचली.”

“अगं, ती जायची नव्हती. हे नवीन अपडेट... तू मनावर घेऊ नकोस.”

“खरं सांगा. त्यातलं तुमच्या मनातलं किती?”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ठेवणीतली सगळी उत्तरं जिभेवर आली होती. त्यांनी ती गिळली. “मुलगी नाही वगैरे, ते रागाच्या भरात. बाकी सगळं मनातलं. आई गॅलरीतून हलत नाही, तू यायची असलीस की. आणि... मीही नाही हलत.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “इथल्या साहेबांना सांगून निघतेय मी. रात्रीपर्यंत पोचते. आईला सांगा.”

साहेब म्हणाले, “एवढं बोलल्यावरही येतेस?”

“बाबा,” ती म्हणाली, “मी येत नाही म्हटलं की तुमचं उत्तर यायचं, ‘काही हरकत नाही, सवडीने ये.’ मला वाटायचं, खरंच तुम्हाला काही हरकत नाही.”