शेवटच्या फेरीची लय

"अडीच मिनिटं," छ्यू म्हणाला. "तेवढ्यात बसवा, यानसर."

"पाच मिनिटांची धून आहे ही."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. नाहीतर जुनी होतीच की."

छ्यू उत्तर चीनमधल्या हार्बिन शहरातल्या एका अंत्यगृहाचा व्यवस्थापक. तिथली जुनी ध्वनिफीत खरखरायला लागली होती. नवी करून घ्यायला तो निवृत्त वादकांच्या या वाद्यवृंदाकडे आला होता. यानसर वाद्यवृंदाचे संचालक. निरोपाच्या दालनात घरची माणसं तीनदा वाकून नमस्कार करतात, मग मृताभोवती एक फेरी घालतात. फेरी चालू असते तोवर धून वाजते. धून थांबली की मृताला न्यायला मागचं दार उघडतं.

"आणि पट्टी जरा वर घ्या. थोडं उजळ वाटू दे. लोक आधीच रडत असतात."

"पट्टी वर नेली की रडणं राहत नाही, किंचाळणं होतं," यानसर म्हणाले. "आणि लय दुप्पट केली तर वरात होईल."

"वरात तर वरात. वेळेवर निघाली म्हणजे झालं."

कोणीतरी मागे हसलं. छ्यू हसला नाही.

"सर, सकाळी बाहेर हाडं गोठतात. एका घरचं लांबलं की पुढचं घर पायऱ्यांवर उभं. गेल्या आठवड्यात एक म्हातारी नवऱ्याला निरोप द्यायला आली आणि पायऱ्यांवरच कोसळली. मी स्वतः उचलून आत नेलं तिला. तुम्ही मला लय सांगताय!"

यानसर छडीच्या टोकानं समोरचा कागद सरळ करत राहिले.

"भांडता कशाला?" हॉर्न वाजवणारे थंगकाका म्हणाले. वयानं तेच सगळ्यांत मोठे. "चालून बघा ना. पायांना विचारा."

मग दोन बाकं जोडून मधोमध ठेवली. त्यांच्यावर निजायला मात्र कोणी तयार होईना. ट्रॉम्बोनवाल्या माणसानं तर नुसतं नाव काढल्यावर तीनदा थू थू केलं.

"हटा," थंगकाका म्हणाले. "माझा तेवढाच सराव होईल." बूट काढून ते बाकांवर आडवे झाले, पोटावर हात ठेवले आणि डोळे मिटले. हसणं आपोआप थांबलं.

व्हायोलिनवाले आणि चेलोवाले धून वाजवायला जागेवर बसून राहिले. फुंकून वाजवणारे सगळे घरची माणसं म्हणून ओळीनं उभे राहिले. छ्यूनं सुइताईंना कोपराला धरून हलकेच पुढे आणलं. त्या क्लॅरिनेट वाजवायच्या. "बायको सगळ्यांत पुढे असते," तो म्हणाला. रोजचंच काम असल्यासारखा त्याचा हात चालत होता.

यानसरांनी छडी उचलली. छ्यूनं सांगितलेली लय धरली.

सुरुवातीला ठीक चाललं. मग रांग दूधकेंद्रावरच्या रांगेसारखी सरकायला लागली. एकाचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर पडला, तो "अहो!" म्हणाला. धून आपली पुढे पळतच होती.

सुइताई थंगकाकांच्या उशाशी आल्या आणि थांबल्या. काकांच्या लोकरी जाकिटाची बटणं चुकीच्या काजांत गेली होती, एक बाजू वर, एक खाली. त्यांनी वाकून वरचं बटण सोडलं. नीट लावलं. मग त्याच्या खालचं. त्यांच्या मागे सगळी रांग अडून उभी राहिली.

"ताई, पुढे," छ्यू पुटपुटला.

धून संपली.

"झालं," छ्यू फोनकडे बघत म्हणाला. "आता दार उघडतं."

"अजून दोन बटणं राहिलीत," थंगकाका डोळे न उघडता म्हणाले.

कोणी हसलं नाही. सुइताईंनी तिसऱ्या बटणाला हात घातला. बटण काजात जाईना.

छ्यू जवळ आला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता, दालनात येत असेल तसा. "ताई, बाहेर लोक उभे आहेत."

"माहीत आहे," सुइताई म्हणाल्या. "मी पण उभी होते. तुमच्याच पायऱ्यांवर, ह्यांच्या वेळी."

छ्यूनं मान खाली घातली. सुइताईंनी उरलेली बटणं लावली, जाकिटावरून एकदा हात फिरवला आणि त्या फेरी पुरी करून आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

फोन खिशात ठेवून छ्यू म्हणाला, "तीन करा. तीन मिनिटं. याच्यापुढे मला खरंच जमणार नाही, सर. आमचे साहेब ऐकणार नाहीत, आणि थंडीही ऐकणार नाही."

"पट्टी?"

"पट्टी तुमची."

थंगकाकांना दोघांनी हात देऊन उठवलं. बाकं भिंतीला लावली. यानसरांनी कोणते स्वर आवरते घ्यायचे ते सांगितलं, कुठला भाग गाळायचा तेही सांगितलं. मधला क्लॅरिनेटचा लांब आलाप गाळला. सुइताईंनी पेन्सिलीनं आपल्या कागदावर तो खोडला आणि मान डोलावली.

ध्वनिमुद्रण पहिल्याच वेळी चांगलं झालं. धून बरोबर तीन मिनिटांत बसली, कुठे घाई जाणवली नाही, आणि सूर खालच्या पट्टीतच, जड राहिला. छ्यूनं दोन्ही हातांनी यानसरांचा हात धरला, पुन्हा पुन्हा आभार मानले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि तो फीत घेऊन गेला.

वादक वाद्यं पुसत होते. थंगकाका हॉर्नमधलं पाणी काढत होते. यानसर त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"थंगकाका," ते म्हणाले, "माझ्या वेळी काही लावू नका. लोकांना आपापल्या लयीत चालू द्या."